सुखवंतानं मोजलेले थेंब

पिपरटोल्याच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं, हे सुखवंता ठरवायची. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं. पाणी वाटणारा पाणकर खरं तर तिचा नवरा. तो तापानं गेला तेव्हा धान पोटरीत होतं, पाणी थांबवून चालणार नव्हतं. पंच म्हणाले, "माणूस भेटेपर्यंत तूच पाहा, बाई." माणूस शोधता शोधता चौदा वर्षं झाली. पंच अजून शोधतच होते, आणि सुखवंता पाणी सोडतच होती.

तिची हत्यारं तीन. एक फावडं, एक टोपलीभर कोंडा आणि एक भोकाची तांब्याची वाटी. वाटी बादलीतल्या पाण्यावर ठेवायची, बुडाच्या बारीक भोकातून पाणी चढत जायचं, वाटी बुडाली की एकाची पाळी संपली. कोणी लहान शेतकरी असो की केशोराव पटेल असो, वाटी सगळ्यांना सारखीच बुडायची. याचं केशोरावांना फार वाईट वाटे.

कोंडा कशासाठी, तर धुऱ्याला खेकड्यानं पाडलेलं भोक शोधायला. पाणी कुठून गळतं ते डोळ्यांना दिसत नाही. वरून कोंडा भुरभुरला की तो सावकाश एका बाजूला ओढला जातो, आणि जिथं गोळा होतो तिथं भोक. शेतकरी धुऱ्यावर उभा राहून देवाला, नशिबाला आणि शेजाऱ्याला शिव्या देत असायचा. सुखवंता मात्र काही न बोलता कोंडा टाकून बसायची. बोलायची ती भोक सापडल्यावर, आणि तेव्हा शेजाऱ्यापेक्षा जास्त शिव्या शेतकऱ्यालाच मिळायच्या.

तर ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. आमचं गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं.

केशोरावांचा पुतण्या झामसिंग. घरचा सुखी, धानाची मोठी शेती, स्वभावानं गरीब. काकांपुढं तोंड उघडायचं तर आधी गळा साफ करायचा आणि मग गप्प बसायचा. त्याची बायको अनुसया, आणि त्यांची एकुलती एक मुलगी रेवता, सात वर्षांची. दिसायला गोड, बोलायला तिखट. पण जन्मापासून पोरगी कधी कोरडी नव्हती. दिवसा ओली, झोपेत ओली, जेवताना ओली, झाडावर चढली तरी ओली. परकराला सदा वास. बरोबरीच्या पोरी तिला खेळात घेत, पण वाऱ्याची दिशा बघून.

इलाज काही कमी झाले नव्हते. तीळगूळ खाऊन खाऊन पोरीला तिळाची शिसारी आली. गावचा बैगा, म्हणजे देवऋषी, उदाराम म्हणाला, तलावातल्या साती आसरा हिच्या अंगात पाणी ओतून राहिल्या. त्यांना कोंबडा दिला. कोंबडा आसरांना किती पोचला आणि उदारामला किती, ते त्यांचं ते जाणोत. पाणी काही थांबलं नाही. मग दुपारनंतर पोरीला पाणी द्यायचं बंद केलं. ती तहानेनं रडायची, आणि तेवढं पाणी डोळ्यांतून जास्तीचं जायचं.

शेवटी झामसिंग तालुक्याच्या दवाखान्यात गेला. एकटाच गेला. असल्या कामासाठी पोरीला परक्या पुरुषापुढं कसं न्यायचं? डॉक्टरालाही पोरगी नाही आली याचं बरंच वाटलं असावं. त्यानं बापाची नाडी पाहिली, बापाची जीभ पाहिली आणि पोरीचं औषध दिलं. गुलाबी होतं. वर म्हणाला, "आळशी आहे. दोन ठेवून द्या." औषध महिन्यात संपलं. दोन ठेवून देण्याचं काम आजीपासून आत्यापर्यंत सगळ्यांनी मनापासून केलं, त्याला काही बाटली लागत नव्हती.

अशा थोर थोर लोकांनी सात वर्षं रोग ओळखला होता. फक्त पोरीकडं कोणी पाहिलं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी केशोरावांकडं आमगावचे व्याही आले. व्याह्यांना लेकरांची हौस. त्यांनी "ये वो माय" म्हणत रेवताला उचललं आणि मांडीवर घेतलं. नवं पांढरं धोतर होतं. पोरगी जीव मुठीत धरून बसली, हलली सुद्धा नाही. पण व्याही उठले तेव्हा धोतरावर मोठा थोरला डाग. ते भले माणूस, हसून म्हणाले, "पोळ्याचा पाऊस होय." केशोराव हसले नाहीत. व्याही बैलगाडीत बसून दिसेनासे झाले तसं त्यांनी झामसिंगला बोलावलं आणि निकाल दिला. येत्या मंगळवारी केवळरामला बोलवायचं, पोरीच्या बेंबीखाली पाच डाग द्यायचे.

केवळराम म्हणजे डाग देणारा. लोखंडाची सळई निखाऱ्यात लाल करायची आणि दुखऱ्या जागी टेकवायची. पोट फुगलं, डाग. खोकला झाला, डाग. अर्ध्या गावाच्या पोटावर त्याची सही होती.

झामसिंगनं गळा साफ केला आणि गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसया तलावाच्या तोंडाशी फडकी धूत होती. सुखवंता धुऱ्यावरून फावडं खांद्यावर घेऊन आली. तोंडाशी फडकी धुतलेली तिला चालत नसे, पाणी खाली धानाला जातं. ती रागावणारच होती, पण फडकी पाहून थांबली.

"काऊन वो अनुसया, एवढे फडके? घरात बारकं लेकरू तं कोनी नाही."

"रेवताचे हायेत, काकी." आणि अनुसयाचा बांध फुटला. व्याही, धोतर, मंगळवार, सळई, सगळं एका दमात सांगून झालं. "सात वर्षाची पोट्टी, काकी! लाल सळई! मी तिले धरून बसाचं म्हनतेत. मीच धरू?"

सुखवंतानं फावडं खाली ठेवलं. तिथंच काठावर रेवता दगड पाण्यात मारत उभी होती.

"मले एक सांग," सुखवंता म्हणाली. "हे मुतते का नाही?"

"मंग? मुतते ना. तुमच्याआमच्यासारखीच. लागली का सांगते, धावत जाते, जोरात मुतते."

"आनि मंग?"

"आनि मंग ओलीच."

सात वर्षांत हा प्रश्न अनुसयाला कोणी विचारला नव्हता. तिलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. ओलं म्हणजे ओलं.

सुखवंता रेवताला म्हणाली, "जा वो, त्या झुडपामागं बसून ये. सगळं मोकळं करून ये, थेंब ठेवू नोको."

"मी आताच जाऊन आली."

"तरी जा. पाणकरीण सांगून राहिली."

पोरगी गेली, आली. सुखवंतानं तिला कोरडा परकर नेसवला आणि उन्हानं तापलेल्या काळ्या दगडावर उभं केलं. आणि धुऱ्यावर बसते तशी समोर बसली, तोंड मिटून. जरा वेळ गेला आणि दगडावर एक थेंब पडला. तो वाळेपर्यंत दुसरा. मग तिसरा. ना घाई, ना खंड.

"कुद," सुखवंता म्हणाली. पोरगी कुदली. थेंब वाढले नाहीत.

"हास." हसायला काही कारण नव्हतं, म्हणून सुखवंतानं केशोरावांच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. पोरगी पोट धरून हसली. थेंब तेवढेच.

सुखवंता उठली तेव्हा तिचा चेहरा भोक सापडल्यासारखा झाला होता.

"अनुसया, भरला तलाव सांडते, हे मले समजते. हिचा तलाव आता रिकामा हाये. रिकामा तलाव कसा सांडन? हिचं दार बरोबर हाये, धुराही बरोबर हाये. पानी दुसऱ्याच वाटेनं येऊन राहिलं. तलावात न जाता, दाराच्या खालून. डाग कायले देता? आळशी पोट्टी नाही, आळशी तुमी सारे."

"मंग इलाज?"

"तो मले काय ठाऊक? मी वाट सांगतो. पोट्टीच्या पोटात फावडं घालता येते का मले? ज्याले येते त्याच्याकडं न्या. पन पयले ते सळई थांबवा."

"माझं कोन आयकते, काकी?"

ते खरं होतं. सुखवंताचं तरी कोण ऐकणार होतं? धानाच्या पाण्याबद्दल बोलली तर पंच मान डोलवत. माणसाच्या पाण्याबद्दल बोलली तर विधवा बाई, निरक्षर, वर तोंडाळ.

मंगळवारी सकाळी केशोरावांच्या ओसरीवर शेगडी पेटली होती. केशोराव पाटावर, झामसिंग खांबाला टेकून, उदाराम बैगा आपली आसरांची गोष्ट अजून लागू पडते का ते पाहायला आलेला. केवळराम सळई निखाऱ्यात फिरवत होता. तो वाईट माणूस नव्हता. पोरीला उगी करायला त्यानं खिशात गूळ आणला होता. आतल्या खोलीत रेवता आईच्या पोटाला चिकटून होती आणि आईचं लुगडं तिच्यामुळं ओलं होत होतं.

तेवढ्यात सुखवंता बादली, सूप आणि वाटी घेऊन अंगणात आली.

"आज पानी सोडाचं हाये का?" केशोरावांनी विचारलं.

"नाही, पटेल. आज मोजाचं हाये. पोट्टीचं."

उदाराम खोकला. केशोराव म्हणाले, "बाई, लाजलज्जा काही? पुरुष मान्सं बसले हायेत, आनि तू पोट्टीच्या..."

"लाल सळई घेऊन बेंबीखाली पाहाले बसले, तवा लाज नाही. थेंब आयकाले लाज?"

केवळराम फिस्सकन हसला आणि निखाऱ्याकडं पाहू लागला.

"पटेल," सुखवंता जरा खालच्या सुरात म्हणाली, "चौदा वर्सं या वाटीवर तुमी भांडले, पन वाटीले खोटी म्हनलं नाही. मले अर्धी सकाळ द्या. मी खोटी ठरली तं सळई काही पळून जात नाही. मीच धरतो पोट्टीले."

आता अडचण अशी, की नाही म्हणावं तर वाटी खोटी ठरते, आणि वाटी खोटी ठरली तर गेल्या चौदा वर्षांचं सगळं भांडण पुन्हा उघडतं. गावात तेवढा वेळ कोणालाच नव्हता. केशोराव म्हणाले, "कर काय करतेस ते. पन वाटी माझ्यासमोर राहीन."

मग बेत ठरला तो असा. बादली आणि वाटी ओसरीवर, पुरुषांपुढं. वाटी सोडली की केशोरावांनी "सोडली" म्हणायचं, बुडाली की "बुडाली". आत दार लोटून सुखवंता, अनुसया आणि पोरगी. सुपात तुसाची कोरडी राख पसरलेली, सकाळपासून मोरीवर जाऊ न दिलेली पोरगी वर पाय फाकून उभी. राखेत थेंब पडला की खळगा उमटायचा, आणि सुखवंता मोठ्यानं आकडा म्हणायची.

"सोडली!" केशोराव ओरडले. लिलाव पुकारल्यासारखा आवाज होता.

"एक," आतून आलं. मग बराच वेळ काही नाही. "दोन."

वाटी बुडेपर्यंत सतरा झाले. झामसिंग बोटांवर मोजत होता, उदाराम ओठांवर.

"आता पोट्टी मोरीवर जाऊन राहिली," सुखवंतानं आतून सांगितलं. "कान असन तं आयका."

सगळ्यांना ऐकू आलं. केशोराव आढ्याकडं पाहू लागले, उदारामनं डोळे मिटले, झामसिंगनं गळा साफ केला.

"जोर तं चांगला हाये," केवळराम आपल्या धंद्यातला माणूस म्हणून म्हणाला.

राख नवी पसरली. वाटी पुन्हा सोडली. आता पोरीचं पोट रिकामं, हे ओसरीवरच्या सगळ्यांच्या कानांनी पाहिलं होतं. केशोराव मिशीवरून हात फिरवत बसले, आता आकडा कुठून येणार?

"एक," सुखवंता म्हणाली.

मिशीवरचा हात थांबला.

दोन, तीन, पाच, दहा. वाटी बुडाली तेव्हा अठरा.

"मी उशिरा बुडाली म्हनलं," केशोराव घाईनं म्हणाले. "माझी नजर जरा... पुन्हा मोजा. यावेळी केवळराम पाहीन."

तिसऱ्यांदा केवळरामनं वाटी पाहिली, अगदी नाक टेकवून. सतरा.

सुखवंता दार उघडून ओसरीच्या पायरीवर येऊन बसली.

"पोट भरलं तवा सतरा, रिकामं तवा अठरा, पुन्हा सतरा. मुतासंगं या थेंबाचं काही लेनंदेनं नाही. हे वेगळीच नाली हाये, जन्माची. लय कमी पोट्टींले असन, मी तं पयल्यांदाच पाहिली. आता सांगा, डाग कोनाले देता? पोट्टीले का नालीले?"

बोलला तो केवळराम. त्यानं सळई निखाऱ्यातून काढली आणि बादलीत बुडवली. चर्र झालं, पोरगी आत किंचाळली. "पटेल, पोट धरत नाही तवा मी डाग देतो, का पोटानं घट्ट धरावं. हिचं पोट तं धरून राहिलं. हे माझ्याकडचं काम नाही." त्यानं खिशातला गूळ दारातून पोरीच्या हातात दिला आणि शेगडी उचलून चालू लागला.

केशोरावांनी मिशी सारखी केली. मग झामसिंगकडं वळून म्हणाले, "मी पयल्या दिवसापासून सांगून राहिलो, नागपूरले न्या. कोनी आयकत नाही माझं."

हे त्यांनी कधी सांगितलं ते कोणालाच आठवेना, पण आठवून काय करायचं होतं? त्या आठवड्यात झामसिंग बायको आणि लेक घेऊन आगगाडीनं नागपूरला गेला. निघताना केशोरावांनी सुखवंताला गाठलं आणि चारचौघांत बजावलं, "पोट्टीले काही कमीजास्त झालं, तं तुया माथ्यावर."

तो महिना सुखवंताला फार जड गेला. धान निसवलं होतं, पाण्याची मागणी चहूकडून. ती वाटी सोडायची, पण लक्ष वाटीत नसायचं. दोनदा तर वाटी बुडून तळाला बसली तरी तिला कळलं नाही, आणि एका शेतकऱ्याला फुकटचं पाणी मिळालं. तो देवाची करणी म्हणून नारळ फोडून मोकळा झाला. तिच्या मनात मात्र एकच घोळायचं: भोक सांगणं सोपं, बुजवणं दुसऱ्याच्या हातात. मातीत फावडं घालणं वेगळं. तिथं सुरी लागणार. मी तोंड मिटून बसली असती तर पोरीला पाच डाग पडले असते, पण जिवानिशी तर राहिली असती ना? गावातल्या बायका पाण्याला येऊन विचारायच्या, "काही कागद आला का वो?" तिला कागद कोण धाडणार? आणि धाडला तर वाचणार कोण?

धान कापणीला आलं, तलावाचं तोंड बंद झालं, तेव्हा तिघं परत आले. अनुसया घरात न जाता आधी तलावावरच आली, रेवताला घेऊन. सुखवंता धुऱ्यावर माती चोपत होती. तिनं पोरीकडं पाहिलं नाही, पोरीच्या परकराकडं पाहिलं. मग जवळ जाऊन, लाज न धरता, मागून पुढून हातानं चाचपला. कोरडा. पुन्हा चाचपला.

"काकी, गुदगुल्या होऊन राहिल्या!" रेवता ओरडली. "आई बी रोज दहादा पाहते. किती पाहाता?"

अनुसयाला काय आधी सांगू न काय मागून असं झालं. नागपूरच्या बायकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती. झामसिंगनं गळा साफ करून "आमचे काका म्हनतेत" असं सुरू केलं तसं तिनं त्याला बाहेर बसवलं आणि म्हणाली, आईला बोलू द्या. आईनं सतरा, अठरा, सतरा सांगितलं. डॉक्टरीणबाईनं लिहिणं थांबवलं आणि विचारलं, "कोणत्या डॉक्टरनं मोजलं हे?"

"मी म्हनलं, आमच्या पाणकरणीनं. ते म्हने, कोन? मी म्हनलं, धानाले पानी सोडते ते. तवा तिनं दुसऱ्या दोन डॉक्टरांले बलावलं आनि मले पुन्हा सांगाले लावलं."

मग त्यांनी पोरीच्या मूत्राच्या पिशवीत निळं पाणी भरलं आणि खाली पांढरं फडकं ठेवलं. फडकं ओलं झालं, पण निळं झालं नाही. थेंब पिशवीतले नव्हतेच.

"म्हंजे कोंडाच टाकला," सुखवंता म्हणाली. "फक्त निळा."

"आपल्याले मूत बनवाचे दोन गुर्दे असतेत म्हने, त्याच्या दोन नाल्या. हिच्या एका गुर्द्याले दोन होत्या. त्यातली एक पिशवीत न जाता खाली दाराबाहेर उतरली होती. ते नाली आनि तिच्यावरचा एवढासा तुकडा काढून टाकला. हजारांत एखादीले असते म्हने. पोट्टी तीन दिवस तापली, काकी. मले वाटलं गेली. चौथ्या दिवशी उठवली तं बिछाना कोरडा. मले वाटलं नर्सबाईनं बदलला असन. मी भांडाले गेली तिच्यासंगं!"

गावात तोवर केशोरावांनी पारावर बैठक मांडली होती. आपण थेंबांवरून रोग कसा ओळखला, वाटीवर नजर कशी ठेवली आणि पुतण्याला नागपूरचा रस्ता कसा दाखवला, हे ते सांगत होते. उदाराम शेजारी बसून माना डोलवत होता. आसरांनी नाली जोडली आणि आसरांनीच डॉक्टरणीच्या हातून काढवली, असं त्याचं म्हणणं पडलं. अनुसयानं हे पारावरून येताना ऐकलं होतं, सांगता सांगता ती चिडली.

"बोलू दे," सुखवंता म्हणाली. तिचं लक्ष तिकडं नव्हतंच. "मले एक सांग. कोनती बाजू? डावी का उजवी?"

अनुसयानं आठवायचा प्रयत्न केला. "ते... तिनं सांगितलं होतं. काय म्हनलं वो तिनं? मी रडत होती ना काकी, माझ्या ध्यानात..."

"महिनाभर राहिली नागपुरात, आनि बाजू नाही ठाऊक?" सुखवंता खरंच रागावली. "सारा गाव मले विचारून राहिला का काय झालं, आनि मी काय सांगू? पानी कोठून तरी येत होतं आनि कोनी तरी कोठं तरी बंद केलं? अवो, भोकाची जागा नाही सांगितली तं पाणकरीण कायची मी?"

"मी दाखवतो," रेवता म्हणाली. आणि त्या भर उन्हात, सगळ्या तलावासमोर, तिनं पोलकं वर करून डावी कूस पुढं केली. बेंबीखालचं पोट स्वच्छ होतं, एक डाग नाही. कुशीवर मागं वळत गेलेली एक लांब गुलाबी रेघ, टाक्यांच्या बारीक खुणांची.

सुखवंता गुडघ्यांवर बसली. मातीचा हात लुगड्याला पुसला आणि त्या रेघेवरून एक बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दाबून, कुठं ओल लागते का ते पाहत.

"चांगलं बुजवलं," ती म्हणाली.